नीसाहेबांचा कुंचला आणि अडतिसावं वर्ष

मित्रांनो, मी एक जुना, टक्कल पडलेला कुंचला आहे. चित्रं काढायचा नव्हे, अक्षरं लिहायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला पाहून लोक उगाच रंग शोधू लागतात. हुचौ गावातल्या एका बाईने गार पाण्यात हात घालून माझा केस न् केस निवडला. त्याच गावच्या नी शाओतांग यांनी मला विकत घेतलं आणि ब्रह्मदेशातल्या एका लहान बंदरात नेलं. तिथे ते चीनचे वाणिज्यदूत होते.

मधला युद्धाचा खंड धरून अकरा वर्षं आम्ही दुकानदारांचे, खलाशांचे कागद लिहिले. प्रत्येक कागदाच्या शेवटी साल यायचं. आमचं सरकार स्वतःच्या स्थापनेपासून वर्षं मोजत असे, त्यामुळे आम्ही लिहायचो, 'प्रजासत्ताकाचं अठ्ठाविसावं वर्ष', मग एकोणतिसावं. लोक म्हणत, अक्षर पाहावं तर नीसाहेबांचं! निम्मं श्रेय माझं होतं, पण असो.

अडतिसाव्या वर्षी, म्हणजे १९४९ साली, यादवी युद्धात ते सरकारच गेलं. जुने लोक तायवान बेटावर जाऊन बसले आणि आपल्या दूतांना तिकडे बोलावू लागले. पेकिंगच्या नव्या सरकारची तार आली, जागेवर राहा, सगळं सांभाळा, विश्वासू लोकांना मायदेशी बोलावू. साहेबांची एकोणऐंशी वर्षांची आई गावी एकटी होती. ते नव्या सरकारकडे राहिले. आमच्या कचेरीतले कारकून फांग यांचा मुलगा तायवानला पोचला होता, म्हणून ते तिकडे निघाले.

"पत्ते खेळायला आता जोडीदार कुठून आणू?" फांग म्हणाले.

"लबाडी जरा कमी करा, मिळेल कुणीतरी," साहेब म्हणाले.

मग साहेबांनी नव्या सरकारला निष्ठेचं पत्र लिहिलं. मजकूर चोख होता. शेवटी साल लिहिताना मात्र हात सवयीने वळला आणि लिहून गेला, 'प्रजासत्ताकाचं अडतिसावं वर्ष'. नव्या सरकारने ते साल सत्तेवर येताच रद्द केलं होतं. मला कळलं, पण कुंचल्याला तोंड कुठे असतं? पत्र गेलं.

महिन्याने उत्तर आलं. जुनं साल कुणी लिहिलं? खुलासा करा. तोवर परत येण्याची परवानगी नाही.

"अहो, फांगनी लिहिलं म्हणा," साहेबांची बायको वेनश्यू म्हणाली. "ते तर तायवानला गेले. त्यांचं काय वाकडं होणार?"

"त्यांचे म्हातारे वडील नानजिंगमध्येच आहेत, याच सरकारच्या हाताखाली, वेनश्यू."

"आणि तुमची आई?"

मी शाईत भिजून त्यांच्या हातात होतो. खरं सांगतो, त्यांनी फांगचं नाव लिहावं असंच मला वाटत होतं. मलाही गाव बघायचं होतं. आज त्याची लाज वाटते.

त्यांनी लिहिलं, 'चूक माझ्या हाताची आहे. मनाची नाही.'

त्यानंतर आम्ही नऊ खुलासे लिहिले. माझे केस त्यातच गेले. परवानगी यायला चार वर्षं लागली.

आम्ही हुचौला पोचलो तेव्हा म्हातारी दारात उन्हाला बसून शेंगा सोलत होती. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"साहेब दिसता," ती म्हणाली. "आमचा शाओतांगही साहेब आहे हो, परदेशात. कधी भेटला का तुम्हाला?"

"भेटला होता."

"कधी येणार म्हणाला?"

"निघालाय," साहेब म्हणाले. "वाटेत जरा उशीर झाला."

"मग बसा. तो आला की बरोबरच जेवा." तिने थोड्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या आणि ते सोलू लागले.

मित्रांनो, मी आता लिहिण्याजोगा उरलेलो नाही. एवढंच मागणं आहे. कुणाच्या हातून जुनी सवय निसटली, तर लगेच त्याचं मन खोटं ठरवू नका. त्याला जरूर विचारा, पण उत्तर द्यायला उशीर करू नका. घरी त्याची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो.