दोन घासांच्या मधला वेळ

शनिवारी दहा ते बारा कॉलेजच्या सेवा योजनेतली दोन पोरं आमच्याकडे येतात. त्यांनी माझ्या लेकीपाशी बसायचं आणि मी मोकळं फिरून यायचं, असं ठरलेलं आहे. मी फिरते म्हणजे अर्धा जिना उतरते आणि पायरीवर बसून दाराकडे कान लावते.

लेक सहा वर्षांची. बसल्या जागेवरून घरभर हुकूम सोडते, म्हणून सगळे तिला सरकार म्हणतात. हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलता येत नाही. हो म्हणायचं असलं की डोळे वर नेते, नाही म्हणायचं असलं की मिटून घेते. एवढ्यावर राज्य चालतं.

पोरांपैकी एक बडबडी आणि एक लंबू. बडबडी गाणी म्हणते, नकला करते, चमच्याचं विमान करते. लंबू मात्र इतका संथ, की त्याच्याकडे पाणी मागावं आणि तहान विसरून जावी.

त्या शनिवारी माझा जीव टांगणीला होता. चष्म्याच्या दुकानातली जुनी नोकरी परत मिळत होती, सकाळची, अर्ध्या दिवसाची. बारापर्यंत मालकीणबाईंना कळवायचं होतं. नवऱ्याची पाळी दुपारची, म्हणजे सकाळी तो घरी. पण सरकार माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नव्हती. नवरा हरला, सासूबाई हरल्या, बडबडीचं विमानही भरल्या वाडग्यानिशी परत आलं. आज लंबूच्या हातून तरी बघू, म्हटलं. त्यातून बडबडीची परीक्षा, म्हणून तो एकटाच आलेला.

वाडगा त्याच्या हाती देऊन पायरीवर जाऊन बसले. आतून गाणं नाही, हाक नाही, काही नाही. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी राहवलं नाही. दार ढकलून आत गेले तर सरकार खुर्चीत ताठ बसलेली आणि हा पठ्ठ्या शेजारी वही उघडून गणितं सोडवतोय!

"अरे, तुला इथे अभ्यासाला बोलावलंय का?"

तो दचकला. "सॉरी ताई. तिला गिळायला वेळ लागतो ना. नुसतं बघत बसलं की तोंड फिरवते. म्हणून एक घास, एक गणित."

मी वाडग्यात पाहिलं. बटाटा-गाजराचा लगदा अर्ध्याहून जास्त संपला होता.

मी खुर्चीच ओढली. मी कशी भरवते ते आठवलं. एक घास द्यायचा आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या. दुसरा द्यायचा, ओटा पुसायचा. लेकीला धड वेळही देत नाही म्हणून सहा वर्षं मनातल्या मनात स्वतःला बोल लावत आले. आणि बाकीचे सगळे प्रेमाने पुढ्यात बसून, चमचा रोखून, "घे ना, घे ना" करत होते. कुणी असं तोंडाकडे टक लावून बसलं तर माझाही घास अडकेल.

"का गं," मी लेकीला विचारलं, "सगळे बघतात म्हणून जेवत नाहीस होय?"

डोळे सावकाश वर गेले. लंबू वहीत बघून हसला.

नवरा बाजारात गेला होता, त्याला फोन लावला. "ऐक, उद्या तू भरवायचंस. घास द्यायचा आणि पेपर वाचायचा."

"म्हणजे तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही?"

"गिळतेय का, ठसका लागतोय का, एवढंच तिरक्या डोळ्याने बघायचं."

"जमेल की! पेपरात डोकं घालतो म्हणून तर तू रोज ओरडतेस."

"उद्या ओरडणार नाही."

मग मालकीणबाईंना फोन केला. "सोमवारपासून येते," म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, "आज सवड असेल तर येऊन जा, नव्या फ्रेमा आल्यात."

घड्याळात सव्वाअकरा. मी केस विंचरले, चप्पल घातली. "सरकार, जाऊ ना?"

तिचे डोळे वाडग्यावर. तिला पुढचा घास हवा होता आणि लंबूचं गणित अडलं होतं.

मी तीनही जिने उतरून रस्त्यावर आले.