पट्टा, झटका आणि मी

मित्रांनो, मी एक जुना स्टार्टर-जनरेटर आहे. नाव मोठं, अंग नारळाएवढं. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन झोपतं. सिग्नल सुटला की रबरी पट्ट्याने ओढून त्याला उठवायचं, आणि चालत्या गाडीत त्याच पट्ट्यावर फिरून वीज तयार करायची, ही माझी कामं. इंजिन झोपलं तरी मला डोळा लावायची सोय नाही. जन्मापासून माझा जीव असा टांगणीला लागलेला.

मला घडवलं एका नवरा-बायकोने. बायकोने माझी मोटार आखली. इंजिन झटक्यात उठलं पाहिजे हा तिचा हट्ट, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला झटकाबाई म्हणत. नवरा पट्ट्याचं काम बघायचा. त्याचं नाव काय पडलं असेल? पट्टेवाला! साहेबांच्या दाराशी बसणाऱ्या शिपायासारखी ही हाक त्याला मुळीच आवडत नसे.

पहिल्या चाचण्यांत माझं फार कौतुक झालं. मग मला थंड खोलीत नेलं. गारठलेलं इंजिन ओढायला गेलो, तर पट्टा घसरून असा किंचाळला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

"तुझा पट्टा ढिला आहे," झटकाबाई म्हणाली.

"पट्टा ठीक आहे. तुझी मोटार आडदांड आहे."

पट्टेवाल्याने तरीही पट्टा आवळला. किंचाळणं थांबलं, पण माझी बेअरिंगं तापून घरघरू लागली. मग झटकाबाईने माझा जोर कमी केला, तर इंजिन उठेचना. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाच गाडीतून यायचे आणि दोन दारांनी आत शिरायचे. माझ्यामुळे एक घर धुमसतंय, या विचाराने मी कासावीस व्हायचो.

एके दिवशी त्यांची साहेबीण आली. म्हणाली, "या आठवड्यात जमलं नाही, तर आपला जुना स्टार्टरच बरा. हा भंगारात."

मी धास्तावलो. पट्टेवाला मात्र मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसला. त्याने पट्ट्याचं चित्रण केलं, ते अगदी हळू करून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तडक बायकोपाशी गेला.

"हे बघ. तू झटका देतेस तेव्हा पट्ट्यात थोडी ढील उरलेली असते. ती निघायच्या आत तो घसरतो. जरा अवधी दे त्याला."

तिने बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आधी हळूच ओढून ढील काढायची, मग झटका?"

"हेच तर सांगत होतो."

"कधी? तू मला आडदांड म्हणालास."

"मोटारीला म्हणालो."

"मोटार माझीच आहे!"

तो हसला. ती हसली नाही. पण लगेच संगणकाशी बसून तिने माझ्या जोराचं गणित बदललं. पुन्हा तीच थंड खोली. मी हलकेच ओढलं, पट्टा ताठ झाला, मग सगळी ताकद लावली. इंजिन उठलं! किंचाळणं नाही, घरघर नाही. काचेपलीकडे झटकाबाईने नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि आता मात्र ती हसत होती.

पुढे चाचण्या देता देता मी झिजलो. माझी धाकटी भावंडं गाड्यांत बसली, मी प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या फळीवर आलो. वायरी सुटल्या, अंगावर धूळ साचली.

मित्रांनो, गाडी सुरू होताना पट्टा किंचाळला तर कानाडोळा करू नका, वेळीच दाखवून घ्या. आणि इथे आलात तर माझ्यावरून एकदा फडकं फिरवा. खाली रस्त्यावर एखादं इंजिन थांबलं की अजूनही मला वाटतं, आता मलाच हाक येणार.