आंदणातली जीप

भिलाईत सेक्टर दोनमधल्या शालिकराम हटवारच्या क्वार्टरमागे टिनाची एक शेड होती आणि तिच्यात चार वर्षं एक जीप सुटी होऊन पडली होती. शेजारीपाजारी तिला शालिकरामची दुसरी बायको म्हणत. पहिली बायको, कलावती, यावर हसायची. कारण त्या दुसरीचे नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

शालिकराम स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर. भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला, बोलायला कमी आणि हाताचा पक्का. जुन्या जीपगाड्यांचं वेड त्याला कुठून लागलं देव जाणे, पण लागलं होतं खरं. रस्त्यात एखादी थकलेली जीप दिसली की हा सायकलवरून उतरून तिच्या पोटाखाली वाकणार. असाच एकदा तो सिविक सेंटरात बँकेसमोरच्या जीपखाली वाकला, तर पलीकडून आणखी एक डोकं वाकलेलं. ते दौलतराव मानकरांचं. दौलतराव प्लांटच्या कार्मिक विभागात ऑफिसर, सेक्टर दहात बंगला, अंगात कडक इस्त्रीची सफारी. दोघांनी गाडीखालूनच एकमेकांना रामराम घातला. गाव विचारलं तर दोघांचाही जिल्हा एकच निघाला.

चौऱ्याऐंशी साली दौलतरावांना खबर लागली, की कुरुदच्या एका दाऊच्या, म्हणजे मालगुजाराच्या, कोठारात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विलीज जीप सडते आहे. थोरला दाऊ तिच्यातून शिकारीला जायचा. तो गेला, पोरांनी तिच्यावर पेंढा रचला, आणि सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घातले आणि बैलजोडी लावून ती ओढून आणली. कोंबड्यांची सोय आता दुसरीकडे पाहावी लागेल, एवढीच कुरकुर दाऊच्या पोरानं केली.

प्रश्न आला तो कागदाचा. प्लांटच्या माणसानं गाडी नावावर करून घ्यायची तर आधी अर्ज द्यावा लागे, आणि त्या अर्जात एक रकाना होता, 'प्रयोजन'. शालिकराम त्या रकान्याशी येऊन अडला. फिटरला जीप कशाला पाहिजे? काय लिहिणार?

"तू कावून डोकं खपवून राहिला?" दौलतराव म्हणाले. "मी ऑफिसर आहो. मी 'हौस' लिहिलं तर साहेब हसून सही करते. तू लिहिलं तर चौकशी बसते. गाडीचं आरसी बुक सध्या माझ्या नावानं राहू दे. गाडी तयार झाली की तुझं नाव चढवू."

"कागद तुमचे, पाना माझा," शालिकराम म्हणाला, आणि खुशाल पुढच्या कामाला लागला. आता सांगायला हरकत नाही, जन्मभर लोखंडाच्या केसाएवढ्या फरकावर नजर ठेवणाऱ्या या माणसानं कागदाकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्याकडे हाताचा शहाणा माणूस सहीच्या बाबतीत असाच भोळा असतो, आणि त्याचं त्याला कौतुकही असतं.

दर रविवारी दौलतराव स्कूटरवर येत, उलट्या ड्रमवर बसत आणि जीपच्या इंग्रजी पुस्तकातून एकेक पान मराठीत सांगत. शालिकराम गाडीखाली पडून ऐके. कलावतीचा चहा येई. प्लांटमध्ये तो त्यांना साहेब म्हणे, शेडमध्ये मात्र भाऊ. इंजिन दीड वर्षात बोललं. बॉडी ठोकून झाली, ब्रेक झाले, वायरिंग झालं. उरला तो पुढच्या चाकांचा आस.

या जीपला चारही चाकांनी ओढायची ताकद असते, ती एका लहान गिअरबॉक्सातून पुढच्या चाकांना मिळते. दाऊच्या पोरांनी पुढची शाफ्ट काढून विकली होती, आणि त्या लहान गिअरबॉक्सातल्या एका गिअरचे दात झडलेले. मेकॅनिक लोक म्हणत, सोड ना, मागची दोन चालतात तेवढी पुरे. शालिकराम ऐकेना. शाफ्ट त्यानं रायपूरच्या कबाड्याकडून शोधली. गिअर जामुलच्या एका खराद्याकडे, त्याच्या लेथशी बसून, कापून घेतला, दोनदा नापास केला, तिसऱ्यांदा पसंत केला. सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. सासऱ्याच्या तेरवीलाही तो एक दिवस उशिरा पोचला, आणि कलावती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"चारही चाकं ओढू लागली, की दुसऱ्या दिवशी दुर्गच्या आरटीओत," दौलतराव म्हणत. "बुकावर तुझं नाव."

शालिकरामला तेवढंच हवं होतं. गाडी विकायची नव्हती, मिरवायचीही फारशी नव्हती. शालिकराम हटवार, गाडीचा मालक, असं कुठंतरी सरकारी शाईत लिहिलेलं असावं. एका धानवाल्याच्या पोरानं मेलेली गाडी उठवली, याला काही पुरावा असावा.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात त्यानं जीप शिवनाथच्या रेतीत घातली. मागची चाकं रुतली, रेती उडवू लागली. त्यानं पुढच्या चाकांचा लहान दांडा पुढे ढकलला. पुढच्या चाकांनी जमीन धरली आणि जीप गुरगुरत वर आली. दौलतरावांनी त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. सफारीला ग्रीस लागलं तरी त्यांनी मिठी सोडली नाही.

"मग उद्या जायचं का, भाऊ, दुर्गले?"

"अरे, साधनाचं लग्न तोंडावर आलं. ते आटपू दे. अन् नवरदेव आपल्याच जीपमधून आणू. काय?"

साधना ही दौलतरावांची एकुलती एक लेक. शालिकरामच्या अंगाखांद्यावर नाही वाढली, पण शेडमध्ये येऊन 'काका, हे काय, ते काय' विचारणारी मानकरांच्या घरात तेवढी एकच. शालिकरामला कोण आनंद झाला! त्यानं आठ दिवस रजा टाकली, जीपला नवा हिरवा रंग दिला, आणि कलावतीनं सीटांना स्वतः शिवून खोळी घातल्या.

लग्नाच्या दिवशी शालिकरामला फेटा दौलतरावांनी आपल्या हातानं बांधला. नागपूरहून आलेला नवरदेव अरुणकुमार शेजारी बसला, पुढे बँड, आणि शालिकरामनं जीप अशी हळू आणली की नवरदेवाच्या बाशिंगाची एक झिरमिळीही हलली नाही. बायकांत कलावती मान उंच करून उभी होती.

अक्षता पडल्या. मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मांडवात लाउडस्पीकरवरून आंदण वाचायला सुरुवात झाली. सागवानी पलंग. लोखंडी आलमारी. शिलाई मशीन. पितळेची एकवीस भांडी.

"आणि वधुपिता दौलतरावजी मानकर यांच्याकडून लेकीजावयाला एक विलीज जीप! दौलतरावजींनी चार वर्षं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत शालिकरामही होता. दोन टाळ्या वाजून झाल्यावर त्याचे हात थांबले. स्टेजवर दौलतराव जावयाच्या हातात किल्ली देत होते, आणि किल्लीबरोबर गाडीचं बुक.

तो गर्दी सारत स्टेजकडे निघाला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलायचं होतं आणि मोठ्यानं बोलायचं होतं. चार पावलं उरली असताना साधना हिरव्या शालूत खाली उतरली आणि सरळ त्याच्या पायांवर वाकली.

"काका, बाबांनी सांगितलं मले. तुमी आपला वाटा मले देऊन टाकला म्हणून. सख्खा काका बी एवढं नाही करत."

तिचे डोळे भरले होते. शालिकरामनं स्टेजकडे पाहिलं. दौलतराव त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेव्हा त्याला सगळं उमगलं. मांडवाला एक सांगितलं, पोरीला दुसरं, आणि त्याला काहीच नाही. पोरीच्या लग्नात हा तोंड उघडणार नाही, हा हिशेब आधीच मांडून झाला होता. शालिकरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला फसवायला दौलतरावांनी त्याचाच चांगुलपणा वापरला होता.

"सुखी राहा, बेटा," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

बिदाईच्या वेळी अरुणकुमार किल्ली नाचवत आला. "काका, ये दो छोटे दांडे कशाचे? दोन्ही पुढे टाकून ठेवू का? चारही चाकं चालतील ना नागपूरपर्यंत?"

शालिकरामनं त्या दांड्यांकडे पाहिलं. डांबरी सडकेवर चारही चाकं जोडून पळवली, तर सगळा ताण येऊन जामुलचा तो गिअर राजनांदगाव यायच्या आत फुटला असता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कोणी त्याला दोष दिला नसता. पण गिअरचा काय गुन्हा होता?

"नाई," तो म्हणाला. "सडकेवर पुढच्या चाकांचा दांडा मागेच ठेवायचा. रेती, चिखल असला तरच टाकायचा. इकडे या, दाखवतो." आणि त्यानं जावयाला सगळं दाखवलं, तेल कुठं पाहायचं तेसुद्धा.

जीप धूळ उडवत गेली. दौलतरावांनी डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शालिक, राग नको मानू. सांगणारच होतो मी तुले. मले माहीत होतं, साधनासाठी तू नाही म्हणणार नाहीस."

"मी नाईच म्हटलं असतं," शालिकराम म्हणाला. "तुमाले पक्कं माहीत होतं ते. म्हून तर विचारलं नाई तुमी."

दौलतरावांनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. चल, घरच्यांची पंगत बसून राहिली. तुझं पान माझ्या शेजारी मांडायला सांगितलं."

शालिकराम पंगतीशी जाऊन उभा राहिला. मानकरांच्या घरच्या बायकांमध्ये कलावती बसली होती. वरणभात वाढून झाला होता आणि पहिला घास तिच्या हातात होता. लाउडस्पीकर तिनंही ऐकला होता. फक्त नवरा काय म्हणतो याची ती वाट पाहत होती. शालिकराम आपल्या पानावर बसला नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, घास पत्रावळीवर ठेवला, पत्रावळ दुमडली आणि ती उठली.

"अवं कलावती!" दौलतरावांची बायको ओरडली. "घरच्या पंगतीतून भरल्या पानावरून उठून राहिली?"

"आमी घरचे नाई, बाई," कलावती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.