चौदा दगडांचं एकमत

चंचल पाटीलचं नाव चुकलं, असं सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणत. एका जागी तीन तास बसून नळीतले थेंब मोजणाऱ्या मुलीला चंचल कोण म्हणेल? रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती सुरतेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत लागली होती. तिथे एरवी कापड मिलांचं रंगीत पाणी तपासायला येई. या खेपेला मात्र चौदा पिशव्या दगड आले.

शहरापासून दोन तासांवर लिग्नाइटची उघडी खाण व्हायची होती. कोळसा खाली, त्यावर साठ मीटर माती आणि खडक. खाणवाले त्याला ओव्हरबर्डन म्हणतात. तो उकरून बाजूला ढीग घालायचा. त्यात गंधक असलं तर पावसाचं पाणी आम्ल होऊन झिरपतं आणि आसपासच्या विहिरी बाद होतात. दगडात पुरेशी चुनखडी असली तर ती आम्ल मारते. म्हणून परवानगीआधी प्रत्येक थराचा नमुना तपासायचा. या अहवालावर चंचलची सही होणार होती, आयुष्यातली पहिली. विहिरी कोणाच्या हे तिला ठाऊक नव्हतं. सही कोणाची हे ठाऊक होतं.

पहिली चाचणी सोपी. भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. चुनखडी असली तर फसफसतं. वरची पिवळी माती जोरात फसफसली. मधला वाळूचा दगड, तोही जोरात. कोळशाला चिकटलेल्या काळ्या दगडात गंधक तीन टक्के निघालं होतं, तर तोही सोड्याच्या बाटलीसारखा उसळला. चौदाच्या चौदा एकमताने. एवढं एकमत तिने फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहिलं होतं, आणि तिथेही ते खरं नसे.

मालक भूपेंद्रभाई खुश झाले. म्हणाले, “चंचलबेन, कुदरतनी मेहरबानी छे. मेहरबानीवर शंका घ्यायची नसते.” सोमवारी अहवाल जायचा होता. सही करा आणि मोकळ्या व्हा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

तिने भिंगाखाली खडे धरले. बऱ्याच खड्यांच्या एकाच बाजूला पांढरा पापुद्रा होता. शनिवारी सुट्टी टाकून ती कामरेजला बस बदलून खाणीच्या साइटवर पोचली.

साइटचा राखणदार लोटू आप्पा अमळनेरकडचा, म्हणजे तिच्यासारखाच खानदेशी निघाला. पोरगी आपल्याकडची म्हटल्यावर त्याने आधी पाणी दिलं, मग शेडचं कुलूप काढलं. आत लाकडी पेट्यांत, जमिनीत खोल पाडलेल्या भोकांतून काढलेले दगडाचे गोल दांडे ओळीने मांडलेले. सगळे शुभ्र पांढरे, दोन्ही टोकांना गेरूचा पट्टा. कलेक्टरच्या बंगल्यासमोरची झाडं असतात तसे.

“हे कोणी केलं, आप्पा?”

“मीच ना, माय. साहेब पाहाले येणार व्हतात. काळा दगड बरा दिसस का? चुनाना दोन हात मारात.” तिचा चेहरा बघून तो जरा वरमला. “तिसरा पाहिजे व्हता का?”

त्याचं म्हणणं असं की फाटक झालं, पायऱ्या झाल्या, लिंबाची झाडं झाली, तरी चुना उरला. तो वाया का घालवायचा? परवाना कार्यालयाचे साहेब तर इतके खुश झाले की दगडांशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. पुढे त्याच दांड्यांचे अर्धे तुकडे फोडून सुरतेला पाठवले. चुना लावणं म्हणजे काय ते चंचल लहानपणापासून ऐकत आली होती. अक्षरशः लावलेला आज पहिल्यांदा पाहिला.

तिने हातोडीने एक काळा दांडा फोडला, पोटातला तुकडा काढून कुटला, त्यावर थेंब टाकला. थेंब रुसलेल्या जावयासारखा नुसता बसून राहिला. मग तिने चौदाही थरांचे आतले तुकडे घेतले आणि रविवारी ते तपासले. चार थरांचा पीएच तीनच्या आसपास आला.

सोमवारी भूपेंद्रभाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपण नमुना तपासतो, बेन. नमुन्याचं चारित्र्य नाही. जसा आला तसा.”

चंचलला हे पटलं. तर मग जसा आला तसाच लिहिते, म्हणाली. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं: ‘नमुने मिळाले तेव्हा त्यांवर साहेबांच्या पाहणीनिमित्त चुना मारलेला होता. आतील दगड तपासता क्र. ९ ते १२ आम्लधर्मी.’ खाली सही केली. शेरा लिहिलाय हे तिने भूपेंद्रभाईंना सांगितलंसुद्धा. शेरा कोण वाचतं, असं म्हणून त्यांनी पाकीट बंद केलं.

आठ दिवसांनी परवाना कार्यालयातल्या एका कारकुनाचा फोन आला. म्हणजे शेरा वाचणारा एक माणूस देशात होता. आम्लाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. विहिरींबद्दलही नव्हती. हरकत एका शब्दाला होती. साहेबांच्या बढतीची फाइल वर गेली होती आणि चुन्याच्या डबीशेजारी त्यांचं नाव कायमच्या दप्तरात राहणं बरं दिसणार नव्हतं.

“चुना राहू द्या, मॅडम. साहेब काढा.”

“साहेब काढले तर चुना कोणासाठी मारला, ते लिहावं लागेल.”

मग त्याने विचारलं, दोन्ही नसतील असा काही मार्ग आहे का? एकच आहे, चंचल म्हणाली. हा अहवाल रद्द करायचा, नवी भोकं पाडायची, आणि दगड बाहेर येताना विश्लेषक तिथे हजर पाहिजे. दुसऱ्याच आठवड्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ फेरनमुने घेण्याचा आदेश निघाला. कारण कोणतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

नव्या भोकाशेजारी ती सकाळपासून स्टुलावर बसून होती. चार वाजता काळा दांडा ओला, चकाकत वर आला. तिने तुकडा फोडला, कुटला, थेंब टाकला. कंपनीचा इंजिनिअर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. थोडं थांबून बघा, फसफसेलही, असं त्याने सुचवलं.

ती घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबली. मग रकान्यात ‘नाही’ लिहिलं, तुकडे पिशवीत भरले, तोंड शिवलं आणि शिवणीवर सही केली.