बेट पुसलेली एकता

थर एक: पार्श्वभूमी

सोलमधल्या उल्जिरोत, छापखान्यांच्या गल्लीतल्या तळघरात उन्हाळी पोस्टर कार्यशाळा भरली. ग्वाक सरांनी विषय दिला: ‘आपण एकच’. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांना वय विचारलं. कोण कुणाची ताई, कोण कुणाचा दादा, चुटकीसरशी ठरलं. गाव विचारलं आणि गाडी अडली.

सुनह्वा जपानातल्या ओसाकाची. पणजोबा तिकडे गेले; तेव्हापासून घरातले सगळे कोरियनच राहिले, फक्त कोरियात कुणी राहिलं नाही.

“तुझं कोरियन किती गोड आहे गं ताई,” सोलची येराम म्हणाली. “अगदी पाहुण्यांसारखं.”

प्रदर्शनात पोस्टरशेजारी लागणाऱ्या येरामच्या पाटीवर नुसतं नाव असणार होतं. सुनह्वाच्या नावाखाली मात्र ‘जपानवासी बांधव’. ती ओळ तिला नको होती.

“पोस्टर उत्तम कर, मग काढू,” ग्वाक सर म्हणाले.

थर दोन: रंग

“भडक लाल हवा. उत्तर कोरियाचा फील आला पाहिजे,” येराम म्हणाली.

“उत्तरेत शाईच मिळत नाही, भडक कुठून...” चोलुंग बोलता बोलता थांबला. “म्हणजे, असं ऐकलंय.”

“तू आपल्या दक्षिणेतल्या गांगवॉनचा ना दादा? तुला काय कळणार.”

थर तीन: नकाशा

अखंड कोरियाचा नकाशा सुनह्वाने एका छापील नकाशावरून गिरवला. छपाईच्या नमुन्यात पूर्वेच्या समुद्रात दोन ठिपके दिसले, शाई उडाल्यासारखे. तिने ते पुसले.

पोस्टर भिंतीवर लागलं. येरामचं बोट समुद्रावर थांबलं.

“डोकदो कुठंय?”

डोकदो, म्हणजे जपान ज्याच्यावर हक्क सांगतो ते कोरियाचं दोन खडकांचं बेट. किमचीतल्या मिठावरही ज्यांचं कधी जमलं नव्हतं, ती सगळी मंडळी एका सुरात तुटून पडली.

“मला डाग वाटला,” सुनह्वा म्हणाली.

“ओसाकात डाग म्हणतात होय त्याला?” ही ओकनान. चीनच्या हद्दीतून आलेली कोरियन; कालपर्यंत सगळे तिलाच चिनी म्हणत होते.

चोलुंग तर टेबल बडवत, शिव्या देत ओरडला. ओरडताना सूर थेट उत्तर कोरियाच्या पार टोकाचा लागला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. बेटाच्या बाजूने ओरडणाऱ्याला गाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

ग्वाक सरांचे डोळे पाणावले. “पाहिलंत? हीच ती एकता.”

थर चार: पाटी

प्रत्येक प्रतीवर ठिपके सुनह्वानेच हाताने भरले. मग पाट्या आल्या. चोलुंगचं, ओकनानचं नुसतं नाव. तिच्या नावाखाली ती ओळ तशीच.

“सर, पोस्टर चांगलं झालं तर काढणार होतात.”

“चांगलंच झालंय. म्हणून तर लोक विचारतील, बेट कुणी खाल्लं.”

चोलुंग शिडी धरायला आला. “ताई, मनावर घेऊ नको. मी ओरडलो नसतो तर सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं.”

“तुझ्याकडे कशाला बघतील? गांगवॉनचा ना तू?”

तो वाकून शिडीचे पाय तपासू लागला.

“शिव्या मात्र अस्सल होत्या हं. ओसाकातली आमची शाळा उत्तरेच्या पैशावर चालायची; मास्तर तिकडचीच बोली शिकवायचे. त्यांनासुद्धा इतकं छान जमलं नाही.”

शिडी हलली.

“नीट धर,” ती म्हणाली. वर चढून तिने पाटी टेकवली आणि पांढरी चिकटपट्टी नेमकी दुसऱ्या ओळीवरून ओढली. चोलुंगने पाहिलं. आज तो पुन्हा ओरडणार नव्हता.