वाकड्या पायाची कबुली

मी सायकलचा एक जुना चिमटा आहे. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं ना, तोच. सायकल मोडीत निघाली तेव्हा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला उचलून घरी आणलं, माझं डोकं जाड फळीत घट्ट बसवलं आणि पाय वर केले. तेव्हापासून मी शीर्षासनातच आहे. माझ्या पायांत चाक अडकवायचं, फिरवायचं आणि ते सरळ आहे की नाही ते बघायचं. खरं सांगणं एवढंच माझं काम होतं, मित्रांनो, आणि तेच माझ्या हातून नीट झालं नाही.

बाईंना घरीच चाकं बांधायला शिकायचं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने त्यांना तारा कशा ओवायच्या, चावीने कशा ताणायच्या ते दाखवलं. तीन रविवार खपून बांधलेलं पहिलं चाक फिरताना असं नागमोडी डुलायचं, की त्यांची धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, हे चाक आहे की फ्रॉकची झालर?"

बाई हसल्या आणि सगळ्या तारा सोडून पुन्हा बसल्या. मोजमापाला त्यांनी कोटाचं बटण घेतलं. रिम आणि माझा पाय यांच्यामध्ये दोन्हीकडे ते बटण जेमतेम सरकलं, की चाक मधोमध आहे असं समजायचं. चौथ्या चाकाला सायकलवाला म्हणाला, "हात बसला बरं का तुमचा! फक्त चाक उलटून बघायचं विसरू नका. चूक चाकाची की चिमट्याची, ते तेव्हाच कळतं." सुरुवातीला त्या प्रत्येक चाक काढून, डावी बाजू उजवीकडे करून पुन्हा तपासत. दरवेळी बटण तसंच सरके. हळूहळू ती सवय सुटली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता आणि मीही त्या विश्वासाने फुगलो होतो.

एके दुपारी बाई बाजारात गेल्या होत्या. त्यांचे यजमान माळ्यावरून बॅग काढत होते. ती हातातून निसटली आणि थेट माझ्यावर आदळली. माझा डावा पाय किंचित आत वाकला. यजमानांनी मला उचलून खिडकीशी ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्याच आठवड्यात बाईंनी जावेच्या सायकलसाठी पुढचं चाक बांधलं. जाऊ दवाखान्यात नर्स होती, रोज सायकलने कामावर जायची. बटण दोन्हीकडे छान सरकलं. बाई खूश झाल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लोखंडाला कुठलं तोंड?

चाक सायकलला लावल्यावर ब्रेक एका बाजूला घासू लागला. "नवीन आहे, बसेल," म्हणत बाईंनी तो थोडा सैल केला. दुसऱ्याच सकाळी दवाखान्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. जाऊ फाटकावर आपटली; चाक वाचलं, पण तिचं उजवं मनगट मोडलं.

बाईंनी चावी, तारा आणि मला पोत्यात भरलं. "मला मेलीला कशाला नसते उद्योग?" एवढंच म्हणाल्या. दीड महिना मी अंधारात पडून होतो. शिलाई मशीनचा आवाजसुद्धा क्वचितच यायचा. कापड कापतानाही त्यांचा हात आता अडखळतो, असं जाऊ कुणाला तरी सांगत होती.

शेवटी जावेनेच पोतं सोडलं. हात प्लास्टरमध्ये होता. "ताई, माझं चाक तुम्हीच दुरुस्त करायचं. दुसऱ्या कुणाकडे मी देणार नाही."

"माझ्या हातांचं नाव काढू नकोस गं," बाई म्हणाल्या.

तिने ऐकलं नाही. एका हाताने कसंबसं चाक माझ्या पायांत बसवलं, तेही उलट्या बाजूने. बाईंनी नाइलाजाने बटण लावलं. एकीकडे ते खळकन खाली पडलं, दुसरीकडे शिरेचना. बाईंनी चाक काढून पुन्हा सुलट बसवलं, तर दोन्हीकडे बटण बरोबर सरकलं. त्या वाकून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ताई, हा स्टँडच वाकडा आहे!" जाऊ ओरडली.

मी एकदाचा पकडला गेलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

वर्तमानपत्र खाली आलं. "बॅग पडली होती त्याच्यावर," यजमान पुटपुटले. "मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय."

बाई भांडल्या नाहीत. "अहो, दीड महिना मी माझ्याच हातांकडे बघत होते," एवढंच म्हणाल्या.

त्या आता पुन्हा चाकं बांधतात. मला त्यांनी टाकलं नाही. माझ्या वाकड्या पायाला लाल दोरा बांधलाय आणि प्रत्येक चाक त्या उलटून बघतात. जाऊ पुन्हा सायकल चालवते, पण थंडीत तिचं मनगट ठणकतं. ती ते चोळू लागली, की मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, हत्यारांना जपा, त्यांना अधूनमधून तपासतही जा. आणि तुमच्या हातून काही पडलं, वाकलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.