एवढंसं वाटोळं

सासूबाईंनी बाळाला उचलणं सोडलं, त्याला आठ दिवस झाले होते. त्या रुसल्या नव्हत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं होतं. सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा त्यांना दिसू लागली होती. पण नवा चष्मा लावला की फरशी एका अंगाला उतरायची.

"होईल सवय," सून म्हणायची. मग एकदा त्या बाळाला घेऊन जिन्याकडे निघाल्या, तेव्हा तिने ते हातातून ओढूनच घेतलं. "नको आई, तुम्हाला नीट दिसत नाही." त्या दिवसापासून बाळ रडलं तरी सासूबाई लांबूनच चुटक्या वाजवायच्या.

आज चष्मेवाल्याने त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि आतली काच हळूहळू फिरवली.

"समोरची रेघ?"

"फिसकटलीय. थांबा... आता उभी राहिली. अगदी शहाण्यासारखी."

चष्मेवाल्याच्या कपाळाला आठी पडली. बाळाला घेऊन शेजारी उभ्या असलेल्या सुनेला तो म्हणाला, "ही तर दहावर उभी राहिली. मी चष्म्यात काच शंभरावर बसवलीय. फोनवर तुम्हीच शंभर सांगितलंत." मग सासूबाईंना समजावत म्हणाला, "आजी, तुमचा सिलिंडरचा नंबर आहे."

"डोळ्यात सिलिंडर? भरलेला की रिकामा?"

"बुबुळाचा फुगवटा सगळीकडून सारखा नसला की हा नंबर लागतो. काचेचा जोर नेमक्या दिशेला बसावा लागतो. दिशा चुकली, की चष्मा मदत सोडून भांडायला उठतो."

सुनेने पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला. दहा. आणि दहाच्या डोक्याशी बारीक वर्तुळ. अंशाची खूण. नंबर कळवताना खांद्यावर बाळ किंचाळत होतं, फोन मानेत दाबलेला होता, आणि तिने ते वर्तुळ शून्य म्हणून वाचलं होतं. शाळेत कोनमापकाने किती कोन काढले असतील तिने.

"डॉक्टरांचं अक्षर म्हणजे..." चष्मेवाल्याने तिला पळवाट दिली.

ती घ्यावी असं तिला क्षणभर वाटलं.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "मी चुकीचं वाचलं. आई, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. आणि मी तुमच्या हातून बाळ..."

सासूबाईंनी कागद ओढून घेऊन निरखला.

"शिकलेली सून आणली म्हणून मिरवत होते मी. एवढंसं वाटोळं तुला कळलं नाही, आणि माझं वाटोळं केलंस."

"हो."

"हो काय? आण इकडे त्याला."

"पण आई, पायऱ्या..."

"पायऱ्या नवा चष्मा आल्यावर. आत्ता बसलेय ना मी?"

तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, पण हात काढायला तिला वेळ लागला. सासूबाई त्या अवजड फ्रेममधून नातवाकडे बघत राहिल्या.

"नाक तुझ्यावर गेलंय गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, चष्म्यामुळे वाकडं दिसतंय."